कार्बोरेटर काढला, पुढे काय?

मामा : कार्बोरेटर काढलास, बरं. आता ह्या इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं ते कोण ठरवणार? तुझा लॅपटॉप?

भाचा : लॅपटॉप नाही मामा, ईसीयू ठरवणार, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. लॅपटॉप त्याला सांगण्यापुरता.

मामा : मंजी तू सांगणार. आन् तुला कोण सांगणार?

बीडमध्ये बार्शी नाक्याच्या अंगाला गॅरेजांची रांग आहे, तिथलं हे बोलणं. गाडी जुनी मारुती जिप्सी, १२९८ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, मुळात कार्बोरेटरवालं. मामांची हयात जेट, पॉइंट आणि टायमिंग यांत गेलेली; उसाच्या ट्रॅक्टरांचे पंप-नोझल हाही त्यांचाच प्रांत. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. त्याने जिप्सीला थ्रॉटल बॉडी, चार इंजेक्टर, क्रँकच्या पुलीवर दातेरी चाक आणि लागतील ते सेन्सर बसवले आहेत.

दोघांचा वाद इथे मांडतो आहे, कारण आपल्याकडे गावोगावी पोरं आता गाड्यांना ईसीयू बसवायला लागली आहेत आणि पहिल्याच आठवड्यात इंजिनं खराब करून घेत आहेत. मी या वादात तटस्थ नाही. सॉफ्टवेअर हवंच, अशा मताचा मी आहे. पण ते उघडल्यावर पहिल्या दिवशी कशाला हात लावायचा नाही, हे मामांसारख्या मिस्त्रीकडूनच शिकावं.

हे सॉफ्टवेअर काही फार जुनं नाही. २००१ च्या सुमारास अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी घरी जोडता येईल असा मेगास्क्वर्ट नावाचा ईसीयू काढला, तोवर ही चैन शर्यतीवाल्यांची होती. पुढे ऑस्ट्रेलियात जॉश स्टुअर्टने आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा स्पीडुइनो तयार केला आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला ठेवला. भाच्याकडे हाच आहे. त्याच्याशी बोलायला लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ लागतं. त्याची साधी आवृत्ती फुकट मिळते. पैसे भरले की गाडी चालता चालता टेबल आपोआप सुधारणारी सोयही उघडते. भाच्याने पैसे भरलेले आहेत आणि मामांचा राग नेमका त्या सोयीवर आहे.

मामा : आपोआप मंजी कसं? मला ह्या पडद्यावर नुसते आकडे दिसायलेत.

भाचा : हे व्हीई टेबल. सोळा ओळी, सोळा रकाने, २५६ चौकटी. आडवे आरपीएम, उभा मॅनिफोल्डमधला दाब. त्या आरपीएमला, त्या दाबाला सिलिंडर किती टक्के हवा भरून घेतो, तो आकडा चौकटीत. हवा कळली की पेट्रोल किती ते ईसीयू काढतो.

मामा : मंजी गाडी एका टायमाला एका चौकटीत.

भाचा : चार चौकटींच्या मध्ये कुठेतरी. नगर रोडला सपाटीवर साठच्या वेगाने निवांत निघालो तर ४५-५० किलोपास्कलच्या ओळींत. मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो की पाय दाबावा लागतो, मग गाडी थेट ८५-९० च्या ओळींत जाते.

मामा : आन् ही १०० ची ओळ?

भाचा : तिथे बीडमध्ये जातच नाही. आपण समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर आहोत. चावी फिरवली, इंजिन बंद ठेवलं, तर सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. तो ९५ च्या आसपास येतो. टर्बो नाही, मग त्याच्या वर दाब येणार कुठून?

मामा : मंजी इथं सगळं सेट केलंस आन् अलिबागला गेलास, तर इंजिन अशा ओळीत शिरणार की जी तू कधी बघितलीच न्हाई. आन् मुंबईच्या पोरानं पाठवलेली फाइल इथं घातलीस तर?

भाच्याकडे याचं उत्तर नव्हतं. मुंबईच्या एका मित्राने त्याला फाइल पाठवली होती हे मामांना ठाऊक होतं. दुसऱ्याची फाइल घेऊन सुरुवात करायची ही सवय नवशिक्यांत सर्रास आहे. इंजेक्टर वेगळे, कॅमशाफ्टची झीज वेगळी, सायलेंसर वेगळा, आणि तरी गाडी चालू होते. चालू होते हाच घात. स्लोवर बरी चालणारी गाडी घाटात पेट्रोल कमी घेऊन तापते आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत पत्ता लागत नाही. फाइल घ्यायचीच तर टेबलाचा आकार कसा असतो ते पाहायला घ्यावी. न पाहिलेल्या वरच्या ओळी खालच्या ओळींचा कल बघून, थोडं जास्तच पेट्रोल देऊन भराव्यात, आणि कोकणात उतरलात तर तिथे त्या पुन्हा तपासाव्यात.

तो ९५ चा आकडा मात्र फार कामाचा आहे. बीडमध्ये इंजिन बंद असताना पडद्यावर १०१ किंवा ८० दिसत असेल तर दाबाच्या सेन्सरची जुळणी चुकली आहे, आणि पुढचं सगळं काम त्या चुकीवर उभं राहणार. तसंच पाण्याच्या तापमानाचं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचा आणि हवेचा आकडा सकाळच्या हवेशी जुळायला हवा. थ्रॉटलचा आकडा अॅक्सिलरेटर सोडलेला असताना शून्य, पूर्ण दाबल्यावर शंभर. एवढं होईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही.

मामा : हे आवडलं मला. पर त्याच्याबी आधी एक हाये. ह्या इंजिनाचं कॉम्प्रेशन घेतलंस?

भाचा : इंजिन चांगलं आहे मामा. गाडी आपण इथवर चालवत आणली.

मामा : कार्बोरेटरवर आणली. त्यात इंजिन कुठं जास्तीची हवा ओढायलंय ते कळत न्हाई, जेट थोडा मोठा केला की झाकून जातं. चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन घे. एकमेकांत दहा टक्क्यांच्या वर फरक असला तर आधी हेड उतरव, मग लॅपटॉप. दुसरं, पेट्रोलचे पाइप. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब कितीसा असतो?

भाचा : पाव बार, फार तर थोडा जास्त. आताचा पंप तीन बारचा आहे.

मामा : आन् पाइप तोच जुना. तीन बारनं फुटला आन् गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल उडालं तर काय होईल ते मी सांगायला पाहिजे का? इंजेक्शनच्या गाडीला लागतो तो पाइप आण, क्लिपाबी त्याच्याच.

पाइप बदलला गेला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं ठीक निघालं. मग भाच्याने स्वतः काढलेलं एक गणित मामांना दाखवलं. ते इथे देतो, कारण कामाची नजाकत त्यात दिसते. १२९८ सीसीचे चार भाग केले तर एका सिलिंडरला साधारण ३२४ घनसेंटिमीटर जागा येते. बीडच्या दाबाला, ३५ अंश उष्णतेत, ती पूर्ण भरली तर हवा भरते सुमारे ०.३५ ग्रॅम. तिला लागणारं पेट्रोल पंचवीस-सव्वीस मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम थेंबभर. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये ते सेकंदाला पंचवीस वेळा द्यायचं. यात दहा टक्के चुकलं तर इंजिन लगेच मरत नाही, पण तापायला, अडखळायला, पेट्रोल खायला लागतं.

मामा : दहा टक्के चुकलं हे मला प्लग बघून कळतं. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा पडला तर जास्त, विटकरी असला तर बरोबर.

भाचा : कळतं, पण गाडी थांबवल्यावर. आणि मामा, हल्ली तुमचे विटकरी प्लग कमी झालेत की नाही? जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या सकाळी चालू होत नाहीत, पिकअपला दचके देतात, जेट एक नंबर वाढवला की बऱ्या चालतात, असं तुम्हीच म्हणता.

मामा : व्हय. पेट्रोलच खराब यायलंय.

भाचा : खराब नाही, वेगळं येतंय. त्यात वीस टक्के इथेनॉल आहे.

मामांनी जेट वाढवून जे साधलं, त्याच्या मागे रसायन आहे. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९ पटच. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यायला हवं, आणि कार्बोरेटरच्या जेटचं भोक तर तेवढंच राहिलेलं. मिश्रण साधारण आठ टक्क्यांनी पातळ होतं. ई-२० पंपांवर यायला सुरुवात झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. जो ऊस तोडायला बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं दसऱ्यानंतर कोयता घेऊन घर सोडतात, त्याच उसाच्या रसाचं आणि मळीचं इथेनॉल आज या जिप्सीच्या टाकीत आहे. शिवाय ते जुनं रबर खातं आणि पाणी ओढून घेतं. सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं पेट्रोल म्हणूनच आधी काढून टाकावं.

नवशिक्याने इथे एक गोष्ट पक्की करावी. सायलेंसरमध्ये बसवायचा जो वाइडबँड सेन्सर असतो, तो खरं तर मोजतो लॅम्डा : जळायला नेमकं लागतं त्याच्या तुलनेत हवा किती. बरोबर जुळलं की १. गेजवर १४.७ दिसतं ते निव्वळ पेट्रोल धरून केलेलं भाषांतर, आणि ते पेट्रोल आता पंपावर सहसा मिळत नाही. म्हणून पडद्यावर लॅम्डाच ठेवावा. सपाटीवर निवांत चालताना १, पूर्ण पाय दाबल्यावर ०.८५ ते ०.९. इंधन कोणतंही असो, हे आकडे उपयोगी पडतात. या बाबतीत कानाने आणि प्लगने चालणार नाही, सेन्सर लागेलच, असं माझं स्पष्ट मत आहे. मामांनी ते मान्य केलं नाही, पण सेन्सरसाठी सायलेंसरला नट त्यांनीच वेल्ड करून दिला, आणि तो मॅनिफोल्डच्या जोडापासून पुरेसा खाली, वरून पाणी साठणार नाही असा तिरका. जोडाला फट असली तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर फसतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

इंजिन चालू झालं. आणि खरा वाद आता झाला.

भाचा : लॅम्डा १.२ दाखवतोय. मिश्रण पातळ आहे. ती आपोआपची सोय चालू करतो, ती पेट्रोल वाढवून बरोबर करेल.

मामा : थांब. ऐक जरा. चार ठोके पडायलेत का?

भाचा : स्लोवर थोडं मिसिंग वाटतंय. पातळ असल्यामुळेच.

मामा : दुसऱ्या नंबरचा प्लग काढ.

प्लग ओला होता, पेट्रोलने काळाभोर. करंटची वायर आत तुटलेली. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जात होतं पण पेटत नव्हतं. न पेटलेल्या हवेतला सगळा ऑक्सिजन सायलेंसरमध्ये आला, आणि सेन्सर ऑक्सिजनच मोजत असल्याने त्याने सांगितलं : पातळ. आपोआपची सोय चालू केली असती तर तिने चारही सिलिंडरला पेट्रोल वाढवलं असतं, प्लग आणखी भिजले असते, सेन्सरने आणखी पातळ दाखवलं असतं, आणि शेवटी जादा पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढलं असतं. चार सिलिंडरचा धूर एका सेन्सरसमोर एकत्र येतो. चार प्लग मात्र चार वेगळ्या साक्षी देतात.

मिसिंगचा कान नसलेल्या माणसाने स्वयंचलित ट्यूनिंगला हात लावू नये असं मला वाटतं ते यासाठी. ही सोय वाईट नाही. गाडी गरम झालेली, प्लग-वायर धड, वेग स्थिर, तेव्हा ती तासाभराचं काम पाच मिनिटांत करते. पण सुरुवातीचे दिवस सेन्सरांच्या आकड्यांचा लॉग फक्त नोंदवावा, घरी बसून बघावा, आणि पडद्यावर जे दिसतं ते गाडीत कसं ऐकू येतं याची सांगड घालावी. फाइल बदलण्याआधी जुनी तारखेच्या नावाने जपून ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लॉग पाहणारा आणि गाडी चालवणारा माणूस वेगळा हवा. घाटात मांडीवर लॅपटॉप घेऊन चालवणाऱ्याला गाडीतून उतरवावं.

वायर बदलली, मिसिंग गेलं, लॅम्डा ०.९७ वर आला. भाच्याची नजर लगेच दुसऱ्या टेबलाकडे वळली.

भाचा : आता टायमिंग. दोन-तीन डिग्री पुढे घेतली की घाटात ओढ वाढेल.

मामा : हे बघ, पेट्रोलचं तू मला शिकवलंस, ऐकलं. टायमिंगला हात लावायचा न्हाई. पडद्यावर किती दिसायलंय?

भाचा : स्लोवर १०.

मामा : आन् पुलीवर?

टायमिंग लाइट लावली तर पुलीवरची पांढरी खूण १८ च्या जवळ होती. दातेरी चाकाचा पहिला दात सेन्सरसमोर किती अंशांवर येतो, तो आकडा ईसीयूला चुकीचा दिला गेला होता. म्हणजे टेबलात लिहिलेल्या प्रत्येक आकड्यावर आठ अंश आपोआप चढत होते. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० वर गोठवून ठेवायची सोय असते, ती नेमकी यासाठी : गोठवायचं, लाइटने बघायचं, पुलीवरही १० येईपर्यंत तो आकडा सुधारायचा. स्पीडुइनो असो की दुसरा कुठला, हे केल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. माझ्या माहितीत इंजिनं बिघडण्याचं मोठं कारण हेच आहे आणि ते सेन्सर पकडत नाही. लॅम्डा एकदम सुरेख दिसत असतो आणि आत नॉकिंग पिस्टन फोडत असतं.

भाचा : मग नॉकिंग कळणार कसं? टॅपेटच्या आवाजात ते मिसळतं.

मामा : मला घाटात कळतं. टिनाच्या डब्यात खडे हलवल्यावानी. पाय सोडला की थांबतं. टॅपेट थांबत न्हाई.

भाचा : मला ब्लॉकवर तांब्याची नळी लावून हेडफोनने ऐकता येईल. काहीजण तसंच करतात.

मामा : मग कर. मी लांब पेचकस ब्लॉकला टेकवून दुसरं टोक कानाला लावतो, ते तेच हाये. पर दोघांनी ऐकायचं. आन् टायमिंग वाढवायचं ते इथं न्हाई. इंजिनाची ताकद मोजायचा तो डायनो कुठंय?

भाचा : पुण्यात.

मामा : मग पुण्याला जाऊ. तोवर कंपनीनं ह्या इंजिनाला दिलं होतं त्याच्या मागंच राहू दे.

भाच्याला हे पटलं नाही, आणि मला वाटतं तोही पूर्ण चुकीचा नाही. टायमिंग फार मागे ठेवलं तर पेट्रोल उशिरा जळतं, सायलेंसरचं मॅनिफोल्ड लाल होतं, गाडी तापते. मे महिन्यात बीडचा पारा चाळिशीच्या वर असताना ते परवडत नाही. पण टायमिंग मागे असल्याचं नुकसान दिसतं आणि निस्तरता येतं. पुढे असल्याचं नुकसान इंजिन उघडल्यावरच दिसतं. नवशिक्याने मामांच्या बाजूला राहावं.

कागदांचं बोलणं मामांनी काढलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं : बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

मामा : एमएच-२३ ची नंबरप्लेट लावून ही गाडी रस्त्यावर न्यायची, तर आधी आरटीओत जा, विचार, लेखी घे. पुढच्या पासिंगला साहेबानं बॉनेट उघडलं आन् कार्बोरेटरच दिसला न्हाई, तर काय दाखवशील?

भाचा : जाणार आहे. तोवर शेतातच चालवणार. इंजिन तेच, नंबर तोच, इंधन तेच, पीयूसी आधीपेक्षा चांगली येईल. म्हणून तर पूर्ण इंजिन बदललं नाही.

मामा : आन् गिऱ्हाइकाच्या गाड्या? गावात बोलबाला झालाय तुझा. परवा एकजण बीएस-६ डिझेल गाडी घेऊन आलता, डीपीएफ काढून रीमॅप करून दे म्हणून.

भाचा : परत पाठवला त्याला. धुराची गाळणी काढून ताकद वाढवायची, ते मला करायचं नाही. पण मामा, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही ट्रॅक्टरच्या पंपाचा स्क्रू वाढवता, ते काय आहे? ते तर सॉफ्टवेअरशिवायचं रीमॅपच. काळा धूर निघतो.

मामा : मालक म्हणतो, दोन ट्रॉल्या ओढल्या पाहिजेत. नाही म्हणलं तर तो दुसरीकडं जातो. धूर मलाबी दिसतो.

भाचा : धूर दिसतो, पण सायलेंसरच्या तोंडाशी उष्णता किती झाली ते दिसत नाही. डिझेलमध्ये पेट्रोलच्या उलट; डिझेल वाढेल तशी आग वाढते. मागच्या हंगामात दोन ट्रॅक्टरांचे पिस्टन वितळून आले, ते तुम्हीच उघडले. मॅनिफोल्डला एक उष्णतेचा सेन्सर आणि डॅशबोर्डवर छोटा काटा लावला, तर भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढावर किती तापतंय ते ड्रायव्हरला कळेल, आणि स्क्रू किती मागे घ्यायचा ते तुम्हाला.

मामा : लॅपटॉप लागतो का त्याला?

भाचा : नाही. नुसता काटा.

मामा : मग दसऱ्याच्या आत एका ट्रॅक्टरला लावून बघू. भोक मी पाडतो, मॅनिफोल्ड उतरवून, बुरादा आत जाता कामा नये. आन् स्क्रूला हात मीच लावणार.